एक पाडा कुठे गेला? फाइल सर्व्हरवरून ॲपमध्ये डेटा आणताना

पेटची तयारी करणारे दोघंतिघं मला गेल्या महिन्यात साधारण एकच प्रश्न विचारून गेले. "ताई, संस्थेच्या सर्व्हरवर एक्सेलच्या फाइल्स पडल्यात. आमच्याकडे लो-कोड ॲप आहे. इम्पोर्टचं बटण नक्की कुठे असतं?"

बटण सापडायला दोन मिनिटं लागतात. मलाही तेवढीच लागली होती. दाबल्यावर जे झालं ते निस्तरायला मात्र पाच आठवडे गेले, म्हणून बटणाचं नंतर बघू. आधी काय झालं ते सांगते.

माझं काम नंदुरबार जिल्ह्यात, पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाढीवर आहे. ज्यांना जिल्हा माहीत नाही त्यांच्यासाठी: १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा, सहा तालुके, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार, त्यातले ६९ टक्के आदिवासी. शहादा, नंदुरबार, नवापूर हा खालचा भाग. वर सातपुड्यात अक्कलकुवा आणि अक्राणी. डोंगरात गाव म्हणजे एका जागी बसलेली वस्ती नसते. एका गावाचे पाच-दहा पाडे, मधे नाले आणि टेकड्या. कागदावर गाव एक, पण पावसाळ्यात एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला अर्धा दिवस जाऊ शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच घोळ आहे.

एका संस्थेने मला त्यांच्या ऑफिसातल्या फाइल सर्व्हरचा ॲक्सेस दिला. सर्व्हर म्हणजे काही भव्य नाही, कोपऱ्यात ठेवलेलं एक डबडं आणि सगळ्या कॉम्प्युटरवर दिसणारा एक शेअर्ड फोल्डर. त्यात वर्षनिहाय फोल्डर, आत तालुके, आत महिन्याच्या फाइल्स. प्रत्येक फाइलमध्ये मुलाचं नाव, आईचं नाव, गाव, पाडा, जन्मतारीख, वजन, उंची, दंडघेर. हा सगळा ढीग मला एका ॲपमध्ये आणायचा होता, म्हणजे एका मुलाची सगळी मोजमापं एकाखाली एक दिसतील आणि फील्डवर जाताना यादी काढता येईल.

ॲप मी फ्रापेवर केलं. फ्रापे ही मुंबईत तयार झालेली मुक्तस्रोत चौकट आहे. दुकानं-कारखान्यांचा हिशेब, साठा, पगार सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट याच चौकटीवर उभं आहे. धंद्यासाठी बनवलेली गोष्ट संशोधनाला का, असं कुणी विचारेल. उत्तर साधं आहे: फुकट आहे, स्वतःच्या मशीनवर बसवता येतं आणि फारसा कोड न लिहिता फॉर्म, यादी, परवानग्या, बदलांची नोंद हे सगळं मिळतं. यात तक्त्याला डॉकटाइप म्हणतात. स्क्रीनवर बसून फील्ड जोडत गेलात की डॉकटाइप तयार. मी तीन केले: पाडा, मूल, मोजमाप. मुलाला पाडा जोडलेला, मोजमापाला मूल जोडलेलं. इथवर ठीक.

प्रत्येक नोंदीला एक ओळख लागते, जी दुसऱ्या कुणाची नसेल. डेटाबेसच्या भाषेत की. पाड्यासाठी मी ठरवलं: गावाचं नाव, मधे रेघ, पाड्याचं नाव. वाचायला किती छान! अक्कलकुव्याची पाड्यांची यादी आत गेली. मग अक्राणीची घातली, तर एका ओळीवर एरर आला की ही नोंद आधीच आहे.

मी काय केलं? वाटलं, यादीत तीच ओळ दोनदा आली असेल. फ्रापेत इम्पोर्टचे दोन प्रकार आहेत, नवीन नोंदी घालणे आणि असलेल्या नोंदी अद्ययावत करणे. अडलेली ओळ मी दुसऱ्या प्रकाराने पुन्हा चालवली. एरर गेला. हिरवी खूण आली. मी चहा प्यायला गेले.

झालं असं होतं की त्या नावाची गावं दोन होती, एक अक्कलकुव्यात, एक अक्राणीत. आणि दोन्हीकडे पाटीलपाडा होता. पाटीलपाडा तर गावागावात सापडतो. ॲपच्या लेखी ते एकच. दुसऱ्या वेळी तालुक्याचं फील्ड नव्या किमतीने लिहिलं गेलं, आणि अक्कलकुव्याचा पाटीलपाडा, त्यातल्या मुलांसकट, अक्राणीत जाऊन बसला. मुलं हरवली नाहीत. एकूण मुलं मोजली तर आकडा बरोबर येत होता. म्हणून तर मला काही कळलं नाही.

कळलं ते फील्डवर. अक्कलकुव्याची यादी छापून घेऊन गेले होते, कोणाचं मोजमाप पुन्हा घ्यायचं त्याची. अंगणवाडी सेविकेने यादी वरून खाली पाहिली, पुन्हा वरून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, यात माझी पोरं कुठे आहेत?" मी म्हटलं, "ताई, तुमच्याकडे या महिन्यात कुणी निघालं नसेल." त्यांनी काही न बोलता वही उघडली. वहीत दोन मुलांचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली होता. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ११.५ सेंटिमीटरच्या खाली दंडघेर म्हणजे तीव्र कुपोषण, यात तडजोड नसते. माझ्या तक्त्यात मात्र त्या तालुक्यात तो पाडाच नव्हता.

त्या दोन मुलांचं काम थांबलं नव्हतं, कारण ते वहीवर चालत होतं, माझ्या ॲपवर नाही. पण माझं ॲप पुढे त्यांनाच वापरायला द्यायचा बेत होता. तो आधीच अमलात आला असता तर काय झालं असतं, हा विचार परतीच्या जीपमध्ये डोक्यातून गेला नाही. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. एवढ्या लहान वस्तीत गावाचं नाव दिलं की मुलं ओळखू येतात.

नाव ही ओळख नव्हे

आता मुद्द्याचं. इम्पोर्ट म्हणजे कॉपी-पेस्ट, असं आपण समजतो. प्रत्यक्षात इम्पोर्ट करताना तुम्ही प्रत्येक ओळीबद्दल एक निर्णय घेत असता: ही ओळ आधीच्या कुठल्या ओळीचीच आहे, की नवी? हे गाव म्हणजे तेच गाव का? हे मूल म्हणजे तेच मूल का? हा निर्णय तुमच्या शोधपद्धतीचा भाग आहे. प्रश्नावली कशी केली, नमुना कसा निवडला हे प्रबंधात दहा पानं लिहिता ना, मग हेही लिहायला हवं. बटण दाबलं की तो निर्णय सॉफ्टवेअर घेतं, आणि ते काही विचारत नाही.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न किती ठिकाणी चावतो बघा. अक्राणी तालुक्याचं मुख्यालय धडगाव, म्हणून लोक तालुक्यालाही धडगावच म्हणतात. एकाच सर्व्हरवर मला अक्राणी, धडगाव आणि कंसात दुसरं नाव घातलेलं अशी तिन्ही रूपं मिळाली. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत शहाद्याचं स्पेलिंग 'शहादे' असं होतं, तळोद्याचं 'तळोदे', नवापूरला तिथे 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू'. बाकी कार्यालयं वेगळं लिहितात. खालच्या भागात गावांच्या नावापुढे त. श., त. ह. अशी शेपटं असतात. ती तर्फेची खूण, म्हणजे तर्फ शहादे, तर्फ हवेली. टंकणाऱ्याला ते माहीत नसलं तर तो ती गाळून टाकतो आणि दोन गावांचं एक होतं. खुर्द आणि बुद्रुकचंही तेच.

माणसांच्या नावाचं तर विचारू नका. वळवी, वसावे, पाडवी, गावित, तडवी, पावरा एवढ्या मोजक्या आडनावांत मोठी लोकसंख्या सामावलेली आहे. एका पाड्यात एकाच नाव-आडनावाची तीन माणसं सहज असतात. त्यात बाहेरचा डेटा-एंट्री करणारा 'पावरा'चं 'पवार' करून ठेवतो, चूक सुधारल्याच्या आनंदात. जन्मतारखेने वेगळं करू म्हणाल तर तीही मोठ्यांच्या बाबतीत कामाची नाही. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. फक्त वय माहीत असेल तिथे १ जानेवारी टाकलेली दिसते. आईच्या जन्मतारखेवरून जोडणी करायचा प्रयत्न मी करून पाहिला आणि सोडून दिला.

मग काय वापरायचं? गावासाठी कोड. जनगणनेचा गावाचा सहा अंकी कोड आहे, तो घ्या, किंवा सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा, पण एकच धरा आणि दुसरा शेजारच्या कॉलममध्ये ठेवा. मिसळू नका. एकाच जिल्ह्याला वेगवेगळ्या यादीत वेगवेगळे आकडे असतात: २०११ च्या जनगणनेत नंदुरबार ४९७ आहे, शाळांच्या यूडायस कोडची सुरुवात मात्र २७०१ ने होते. पाड्यांना मला कुठला एकसारखा सरकारी कोड मिळाला नाही. तो मी स्वतः दिला: गावाचा कोड, पुढे दोन अंक. कुठला पाडा कुठला, हे सेविकांसोबत बसून ठरवलं. मुलाला संस्थेने दिलेला नोंदणी क्रमांक होता, तो वापरला. नसेल तिथे ॲपने दिलेला क्रमांक, आणि तोच सेविकेच्या वहीतही लिहून घेतला.

कुणीतरी हमखास म्हणतं, "आधार क्रमांक घ्या की सरळ." देशातलं पहिलं आधार वाटप याच जिल्ह्यात, टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला झालं, त्यामुळे इथे ही सूचना जरा जास्तच येते. संशोधनाच्या तक्त्यात आधार क्रमांक की म्हणून ठेवू नका. तुमच्या अभ्यासाला तो लागत नाही, फाइल बाहेर गेली तर नुकसान त्या कुटुंबाचं होतं, आणि एथिक्स कमिटी विचारेल तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल. नावांचा तक्ता वेगळा, मोजमापांचा वेगळा, दोन्हीला जोडणारा फक्त क्रमांक. ॲपमध्ये परवानग्या असतातच, नावांचं फील्ड फक्त फील्डवर्क करणाऱ्याला दिसेल असं करता येतं.

सर्व्हरपाशी

थेट सर्व्हरवरच्या फाइल उघडून काम करू नका. आधी अख्खा फोल्डर स्वतःच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती प्रत रीड-ओन्ली करून ठेवा. पुढची सगळी साफसफाई दुसऱ्या प्रतीवर. कारण ऑफिसात कुणीतरी त्याच फाइलमध्ये रोज लिहीत असतं. आज तुम्ही घेतलेली मार्चची फाइल आणि पुढच्या महिन्यात त्याच नावाने दिसणारी फाइल एक असेलच असं नाही.

ती एकच आहे का हे नावावरून किंवा तारखेवरून ठरवू नका, चेकसम काढा. विंडोजमध्ये सर्टयूटिल, लिनक्समध्ये एसएचए-२५६-सम ही आज्ञा फाइलचा लांबलचक ठसा काढून देते. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. मी प्रत्येक फाइलचं नाव, आकार, ठसा आणि आणल्याची तारीख एका यादीत ठेवते. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन मॅडम' या तीनपैकी दोन फाइल्स तंतोतंत एक निघाल्या, तिसरीत नऊ ओळी वेगळ्या होत्या. त्या नऊ ओळी कुणी आणि का बदलल्या, ते फोन करूनच कळलं.

आणखी एक बारीक गोष्ट. कुणी फाइल उघडून बसलेलं असेल तर एक्सेल त्याच फोल्डरमध्ये ~$ ने सुरू होणारी एक लपलेली फाइल करतं. स्क्रिप्टने 'फोल्डरमधल्या सगळ्या एक्सेल फाइल्स घे' म्हटलं की तीही घ्यायला जातं आणि अडखळतं. ती वगळा, आणि ती दिसली की समजा, खरी फाइल या क्षणी कुणाच्या तरी हातात आहे. उद्या या.

फ्रापे स्वतःहून तुमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये डोकावत नाही. एक तर तुम्ही हाताने फाइल चढवता, नाहीतर एक छोटी पायथन स्क्रिप्ट रात्री एसएफटीपीने फाइल आणते आणि ॲपच्या एपीआयला देते. मायक्रोसॉफ्टचं पॉवर ॲप्स वापरणार असाल तर ऑफिसातल्या सर्व्हरपर्यंत पोचायला ऑन-प्रिमाइसेस डेटा गेटवे नावाचा प्रोग्राम तिथे बसवावा लागतो. त्यात एक खोच आहे: काही प्रकारचे फिल्टर डेटाच्या मूळ जागी चालत नाहीत, तेव्हा ॲप फक्त पहिल्या ५०० ओळींवर उत्तर देतं, सेटिंग वाढवलं तरी २,००० पर्यंत. बनवताना एक पुसटशी सूचना दिसते, वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही.

एक्सेल मदत करायला येतं तेव्हा

अक्कलकुवा तालुक्याचा जनगणना कोड ०३९५० आहे. फाइल एक्सेलमध्ये उघडा, तो ३९५० होतो. पुढचं शून्य गेलं, आणि आता हा कोड मूळ यादीशी जुळत नाही. ११ अंकांपर्यंतचा आकडा एक्सेल नीट दाखवतं, १२ झाले की मधे ई घालून आखडून दाखवतं, आणि १५ च्या पुढचे अंक तर कायमचे शून्य करून टाकतं. बँक खात्यांचे क्रमांक असलेल्या फाइल्समध्ये हे सर्रास दिसतं.

तारखांचं दुखणं याहून वाईट. फाइलमध्ये ०३/०४/२०२३ आहे, म्हणजे ३ एप्रिल. कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असेल तर तो ४ मार्च वाचतो. बाराव्या तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखा अशा गुपचूप उलटतात. तेराव्यापासूनच्या उलटू शकत नाहीत, त्या नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. म्हणजे एकाच कॉलममध्ये अर्ध्या चुकीच्या तारखा आणि अर्धा मजकूर. कधी तारखेच्या जागी ४५००० असा आकडा दिसतो. घाबरू नका, तो एक्सेलचा दिवसांचा हिशेब आहे, ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. मोठ्या माणसाचं वय महिनाभर चुकलं तर फरक पडत नाही. चार महिन्यांचं बाळ पाच महिन्यांचं झालं, तर तेच वजन वयाच्या मानाने कमी ठरू शकतं.

हे आपल्यासारख्या नवख्यांचंच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ कोविडबाधित रोजच्या आकड्यात आलेच नाहीत. प्रयोगशाळांच्या फाइल्स एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या आणि त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. जनुकशास्त्रात तर मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी जनुकांची नावं एक्सेल तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल तेव्हा काही बदललं नव्हतं.

आपल्या फाइल्सची खास अडचण म्हणजे मर्ज केलेले सेल. गावाचं नाव वीस ओळींवर पसरून मधोमध लिहिलेलं. बघायला नेटकं, पण आत ते फक्त पहिल्या ओळीत असतं, उरलेल्या एकोणीस रिकाम्या. वरचं नाव खाली उतरवत नेता येतं, पण ते सॉर्ट करण्याच्या आधी. मधे कुणी सॉर्ट केलं असेल तर पोरं परक्या गावात जातात. आणि शेवटची 'एकूण'ची ओळ काढायला विसरू नका. माझ्या डेटात काही दिवस एकूण नावाचं एक बाळ होतं, वजन चारशे किलोच्या वर.

यावर मला सापडलेला उपाय असा: एक्सेलने फाइल उघडायचीच नाही. पायथनमध्ये वाचताना सगळे कॉलम मजकूर म्हणून वाचायचे, मग एकेक कॉलम आपण सांगू तसा बदलायचा. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहायची.

मराठीचा वेगळा कर

जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये नसतात. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टांत टंकलेल्या असतात. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी, आणि ॲपमध्ये ती खिचडीच जाते. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी गावांची नावं बदलून घेतल्यावर सगळी एकदा डोळ्याखालून घातली.

युनिकोड असलं म्हणजे सुटलो असंही नाही. 'ऱ्या' हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला सारखं, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन चालवूनही ही दोन एक होत नाहीत, तो नियम आपणच लिहायचा. ॲ चंही तसंच.

सीएसव्हीचा धोका तर अगदी न परतीचा आहे. मराठी असलेली फाइल एक्सेलमधून साध्या सीएसव्ही पर्यायाने सेव्ह केली की सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. ती प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत. यूटीएफ-८ लिहिलेलाच पर्याय निवडा. रीड-ओन्ली प्रत ठेवा म्हणते ती यासाठीसुद्धा.

ॲपच्या आत

दुसऱ्या खेपेला मी सरळ खऱ्या तक्त्यांत काही घातलं नाही. 'कच्ची ओळ' नावाचा एक वेगळा डॉकटाइप केला. त्यात सगळी फील्ड मजकुराची, शिवाय तीन जास्तीची: फाइलचं नाव, शीटचं नाव, ओळ क्रमांक. फाइलमध्ये जे आहे ते जसंच्या तसं इथे. मग त्यातून तपासून-जुळवून पुढे पाडा, मूल, मोजमाप यात. या तीन फील्डांमुळे आज कुठलंही वजन दाखवलं तर ते कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीतून आलं हे मी सांगू शकते. गाइडने विचारलं की हाच प्रश्न विचारतात.

क्रम पाळावा लागतो. आधी तालुके, मग गावं, पाडे, मुलं, शेवटी मोजमापं. ज्याला जोडायचं तेच आत नसेल तर जोडणीचं फील्ड ओळ नाकारतं, आणि ते बरंच आहे. लोक वैतागून ते फील्ड साध्या मजकुराचं करतात, मग काहीच अडत नाही आणि सगळंच बिघडतं.

आता एक गोष्ट जी मला कुठल्याही शिकवणीत सांगितली गेली नाही. फ्रापेत आकड्याचं फील्ड रिकामं राहत नाही. काही दिलं नाही तर तिथे शून्य बसतं. दुकानाच्या हिशेबात ते चालतं, साठा नाही म्हणजे शून्य. आपल्याकडे 'वजन घेतलं नाही' आणि 'वजन शून्य' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूल त्या महिन्यात आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असतं, वजनाच्या रकान्यात 'स्थलांतर' लिहिलेलं असतं. ते आकड्याच्या फील्डमध्ये कोंबलं की माहिती गेली, शून्य राहिलं, आणि सरासरी खाली आली. मी शेजारी एक निवडीचं फील्ड ठेवलं: मोजलं, गैरहजर, स्थलांतर, काटा बंद, माहीत नाही. पुढे विश्लेषणात सगळ्यात उपयोगी हेच फील्ड ठरलं, वजनापेक्षाही. देवनागरी आकड्यांबद्दलही सावध राहा. '९.४' काही साधनं आकडा म्हणून वाचतात, काही मजकूर समजून सोडतात. आत घालण्याआधी एकाच पद्धतीचे करून घ्या.

मोजमापाची ओळख मी मुलाचा क्रमांक आणि मोजल्याची तारीख मिळून ठरवली. त्यामुळे तीच फाइल चुकून दोनदा घातली तरी मोजमापं दुप्पट होत नाहीत. धडगावला लाइट गेली, नेटवर्क गेलं, अर्धी फाइल चढली, तर पुन्हा पहिल्यापासून चालवायची, काही भीती नाही. आणि अद्ययावत करण्याचा पर्याय वापरायचाच असेल तर आधी कुठल्या नोंदीत काय बदलणार आहे त्याची यादी काढून वाचा. 'ही नोंद आधीच आहे' हा एरर मी अडथळा समजले. सगळ्या इम्पोर्टमध्ये कामाचं असं तेच एक वाक्य ॲप माझ्याशी बोललं होतं.

ताळा

एकूण ओळी जुळल्या म्हणजे झालं, हे माझं मत त्या यादीपाशी संपलं. आता मी तीन ताळे घेते. फाइलमधल्या आणि ॲपमधल्या ओळी, हा पहिला आणि सगळ्यात कमी उपयोगाचा. दुसरा, प्रत्येक तालुका, गाव आणि पाडा यांत मुलं किती, दोन्हीकडे. माझी चूक इथे पाच मिनिटांत दिसली असती, कारण पाड्यांची संख्या एकने कमी होती. तिसरा, नशिबाने निवडलेल्या तीस ओळी कागदाशी लावून पाहायच्या, मूळ फाइलशी नाही, सेविकेच्या वहीशी. फाइलमध्येच चूक असेल तर ती फाइलशी ताडून कशी सापडणार?

या तिसऱ्या ताळ्याला वेळ लागतो आणि गाइडला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटू शकतो. सिनॉप्सिसमध्येच 'डेटा व्यवस्थापन' म्हणून दोन महिने मागून घ्या. नंतर कुणी देत नाही.

माझ्या पाड्यांच्या यादीचं सांगायचं राहिलं. कोड दिल्यावर ती छापून मी त्याच सेविकाताईंकडे घेऊन गेले. त्यांनी बोट ठेवत एकेक वाचलं आणि दोन ठिकाणी थांबल्या. एका पाड्याचं नाव आम्ही शाळेच्या कागदावरचं घेतलं होतं, गावात ते कुणी म्हणत नाही. आणि एक पाडा यादीत होता, पण तिथली सात घरं दोन वर्षांपूर्वीच खाली रस्त्याजवळ उठून आली होती. त्या घरांना मी नवा कोड दिला आहे, जुना पुसलेला नाही. त्याच्यासमोर कधीपासून कधीपर्यंत असे दोन तारखांचे रकाने वाढवले आहेत. पावसाळा संपला की बाकीच्या गावांच्या याद्या अशाच वाचून घ्यायच्या आहेत.